गिअरचा दात आणि बेरियम
नगरच्या टँक म्युझियममध्ये रणगाडे बघताना आतल्या गिअरचा विचार केलाय? गिअरचा दात वरून कडक, आतून चिवट हवा. त्याची एक जुनी पद्धत म्हणजे पॅक कार्बुरायझिंग. कमी कार्बनचं पोलाद बंद पेटीत कोळशात पुरून ९०० ते ९५० अंश सेल्सिअसला तापवतात, नंतर तेलात बुडवतात.

पण कार्बन पोलादापर्यंत नेतो कार्बन मोनॉक्साइड वायू! म्हणून कोळशात बेरियम कार्बोनेट मिसळतात. ते कोळशाशी मिळून हा वायू देतं, मागे उरतं बेरियम ऑक्साइड. वायू पोलादाला कार्बन देऊन कार्बन डायऑक्साइड बनतो. तो शोषून ऑक्साइडचं पुन्हा कार्बोनेट. म्हणजे हा उत्प्रेरकच.

मात्र ही पावडर पोटात गेली तर विष आहे. वर्कशॉपमधून थेट मेसला पळू नका, आधी साबणाने हात धुवा!