जिभेआधी कान

‘अलीम’ हा शब्द कुरआनात वारंवार येतो. ‘ऐन’ने सुरू झाला की त्याचा अर्थ ‘सर्वज्ञ’, आणि ‘हमजा’ने सुरू झाला की ‘यातनादायक’. पहिला अल्लाहचा गुण, दुसरा अजाबचे विशेषण. मराठीत मात्र दोन्ही सारखेच लिहिले जातात आणि मराठी कानालाही सारखेच ऐकू येतात.

मखरज शिकवताना उस्ताद जिभेकडे लक्ष देतात, ते योग्यच आहे. परंतु अडचण जिभेआधी कानात असते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला भेद कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बालकांत ती क्षमता फारच थोडी उरली होती. वर्षभरात मूल घरातली भाषा पकडते आणि तिला नको असलेले भेद सोडून देते. आपल्या ‘काळा’चा ‘काला’ करणाऱ्या हिंदी भाषकाला आपण हसतो, पण त्याचेही हेच झालेले असते. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘पारस’चे ‘फारस’ झाले.

मराठी भाषकाकडे ‘जोर’मधला ‘ज’ आहे, त्यामुळे ‘जे’ हे अक्षर त्याला सहज जमते. मात्र जाल, ज्वाद आणि जोय हीदेखील त्याच एका ‘ज’मध्ये कोंबली जातात. ‘से’, ‘सीन’ व ‘स्वाद’ यांचेही तसेच. म्हणून मराठी लिप्यंतरावरून सूरह पाठ करणे मला धोक्याचे वाटते. ते लिप्यंतर म्हणजे आपलाच कान कागदावर उतरलेला असतो. अर्थात, अडखळत, कष्टाने कुरआन वाचणाऱ्यास दुहेरी सवाब आहे, असे हजरत आयेशा (र.) यांनी निवेदन केलेल्या हदीसमध्ये आले आहे. तेव्हा वयस्कर आईवडिलांनी संकोचून पठण थांबवू नये.

मुलांना मात्र आधी ऐकवा, मग बोलवा. मोठ्या काफचा ‘कल्ब’ म्हणजे हृदय, छोट्या काफचा ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. मोठ्या काफपुढचा ‘अ’ जाड ऐकू येतो, ही खूण धरायला सांगा. ते साधले की सूरह नस्रमधील ‘नस्र’ (मदत, स्वादने) आणि सूरह नूहच्या २३व्या आयतीतील ‘नस्र’ (एका मूर्तीचे नाव, सीनने) एखाद्या चांगल्या कारीच्या आवाजात पाठोपाठ लावा. मुलाला उच्चार करायला सांगू नका. ‘स’ कोणता, एवढेच विचारा.