रामकृष्णहरी : मंत्राचा अर्थ व जपाची रीत

शहापूर तालुक्यातील उंबरमाळी हे मध्य रेल्वेच्या मार्गावर खर्डी आणि कसारा यांच्या मध्ये येते. पुढे कसारा घाट ओलांडला की इगतपुरीमार्गे श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वराची वाट लागते. तेथे पौष वद्य एकादशीस संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. त्या वेळी भाताची कापणी व झोडणी उरकलेली असते. आषाढी एकादशी मात्र ऐन भातलावणीच्या दिवसांत येते. ज्या शेतकऱ्याला चिखलातून पाय काढून पंढरी गाठता येत नाही, त्याची सेवा उणी पडते काय? वारकरी संप्रदायाने या प्रश्नाचे उत्तर ‘रामकृष्णहरी’ या सहा अक्षरी मंत्रातून दिले आहे.

मंत्राचा उगम

हा मंत्र संत तुकाराम महाराजांना त्यांचे सद्गुरू बाबाजी चैतन्य यांच्याकडून मिळाला. इ. स. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तुकोबांनी पत्नी व पुत्र गमावले, व्यापार बुडाला. अशा विरक्त अवस्थेत माघ शुद्ध दशमीस, गुरुवारी, त्यांना स्वप्नात अनुग्रह झाला. स्नानास जाताना वाटेत सद्गुरू भेटले, त्यांनी मस्तकी हात ठेवला, भोजनासाठी पावशेर तूप मागितले. परंतु ते देण्याचे स्वप्नात विस्मरण झाले, असे तुकोबा स्वतःच सांगतात. राघवचैतन्य, केशवचैतन्य अशी गुरुपरंपराही ते नमूद करतात.

मुरबाडहून माळशेज घाट चढून गेल्यावर जुन्नर तालुक्यातील ओतूर लागते. तेथे मांडवी नदीच्या तीरी, कपर्दिकेश्वर मंदिरालगत, चैतन्यस्वामींची समाधी आहे. परंपरेने हेच तुकोबांच्या सद्गुरूंचे स्थान मानले जाते. मुरबाडच्या भाविकास मंत्राचे हे मूळपीठ एका घाटाच्या अंतरावर आहे.

मंत्राचा अर्थ

‘राम’ म्हणजे ज्याच्या ठायी योगी रममाण होतात तो. ‘कृष्ण’ म्हणजे जो चित्त आपल्याकडे आकर्षून घेतो तो. ‘हरी’ म्हणजे जो पाप, ताप व दैन्य हरण करतो तो. चित्त प्रथम ओढले जावे, मग रमावे आणि त्यातून दुःखाचे हरण व्हावे, असा साधनेचा क्रम या तीन नामांत पाहता येतो. या मंत्रात बीजाक्षर नाही, विनियोग नाही, न्यासही नाही. नाम हाच मंत्र आहे.

अधिकार कोणाचा?

अनेक मंत्र कानात सांगितले जातात व गुप्त राखले जातात. हा मंत्र मात्र टाळमृदंगाच्या साथीने उघड गायिला जातो. कुणबी कुळात जन्मलेल्या तुकोबांना गुरू मानल्याबद्दल ब्राह्मण कुळातील संत बहिणाबाईंना पतीचा रोष व छळ सोसावा लागला. तरीही त्यांनी स्वप्नात मिळालेला अनुग्रह सोडला नाही. जात, स्त्री-पुरुष भेद किंवा शिक्षण यांपैकी कशाचीही आडकाठी या मंत्रास नाही, हे या चरित्रातून स्पष्ट होते.

जपाची रीत

प्रातःकाळी स्नानानंतर तुळशीच्या १०८ मण्यांच्या माळेवर जप करावा. माळ अंगठा व मधल्या बोटाने ओढावी, तर्जनी लावू नये. मेरुमणी न ओलांडता माळ उलट फिरवावी. उच्चार संथ व स्पष्ट असावा. सायंकाळी हरिपाठापूर्वी कुटुंबासह हा मंत्र चालीवर म्हणण्याचा प्रघात आहे. वारकरी परस्परांस भेटतात तेव्हाही ‘रामकृष्णहरी’ म्हणून एकमेकांच्या पाया पडतात.

ज्यांना गळ्यात माळ धारण करावयाची असेल, त्यांनी ती फडावरील अधिकारी वारकऱ्यांच्या हातून घ्यावी. त्यानंतर मद्यमांसाचा त्याग, एकादशीचे व्रत, सत्य वचन व नेमाची वारी ही बंधने पाळावी लागतात. केवळ नामजपास मात्र अशी अट नाही.

नामास स्थळकाळाचे बंधन नाही, ही संतांची शिकवण आहे. म्हणून लावणीत वाकलेल्या शेतकऱ्याने, चुलीपुढे बसलेल्या माउलीने किंवा पहाटेची लोकल गाठणाऱ्या कामगाराने मनात घेतलेले नामही पूर्ण सेवाच होय. माळ हाती नसली तरी चालेल. नेम मात्र चुकू नये.

॥ रामकृष्णहरी ॥