तीन सुताचा बोल्ट

"दादा, हा माझ्याबरोबर आला," ती म्हणाली. गादीवर उताणी पडलेली, अंगभर चॉकची पांढरी भुकटी आणि उजव्या हातात आमच्या चढाईच्या भिंतीवरचा निळा होल्ड, म्हणजे हाताची पकड. ती हसत होती म्हणून बाकीची पोरंही हसली. दहा मिनिटांत तिचं डावं मनगट सुजलं. नशिबानं नुसतं मुरगळलं होतं, पण पंधरा दिवस पट्टी होती आणि त्या पंधरा दिवसांत तिच्या आईच्या समोर जायची माझी हिंमत झाली नाही.

कामशेतजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही तिघा मित्रांनी ही भिंत उभारली होती. प्लायवुडच्या तीन शीट, म्हणजे 12 बाय 8 फूट. त्यातली एक शीट पुढे झुकवलेली. शहरातल्या वॉलपुढे हे खेळणंच. पण मावळात जूनपासून चार महिने कातळाला हात लावता येत नाही. नागफणीचा कडा ढगात असतो, तैलबैल्याच्या भिंती ओघळत असतात, आणि आसपासच्या वाड्यांतली चढायला शिकलेली पोरं घरात बसून बोटं मोडत असतात. त्यांच्यासाठी काहीतरी करायचं म्हणून ही शेड. हेतू चांगला होता, खरेदी मात्र वाईट केली.

आधी तो होल्ड धरून ठेवणाऱ्या बोल्टाचं सांगतो. पडल्यावर मी तो होल्ड तपासला. प्लायमागचा टी-नट जागेवर होता, पण आतले आटे पार घासून गेलेले. निघालेला बोल्ट शेजारच्या बोल्टाला लावून पाहिला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. होल्डबरोबर आलेले बोल्ट दहा एमएमचे होते. त्यातले सात-आठ लांबीला कमी पडले म्हणून मी बाजारात हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो. काउंटरवरच्या मामांनी नमुना बोटांत फिरवला, "तीन सूत" म्हणाले आणि डबा पुढे सरकवला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर आणि वर किंचित. डोळ्याला फरक दिसत नाही. आट्यांमधलं अंतरही जवळपास तेच. दहा एमएमला दीड मिलिमीटर, तीन सुताला त्याहून केसभर जास्त. त्यामुळे हा बोल्ट दहा एमएमच्या नटात काही वेढे सुखानं जातो, मग अडतो, आणि आपल्याला वाटतं की छान आवळला गेला. प्रत्यक्षात त्यानं आट्यांच्या नुसत्या कडा धरलेल्या असतात. मामांचा काही दोष नाही. फाटकाच्या बिजागरीला तो बोल्ट जन्मभर टिकला असता. चढणाऱ्या माणसाचा भार त्याच्यावर येणार आहे, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

अमेरिकेत तीन सुताचं माप चालतं, युरोपात दहा एमएमचं, आणि आपल्याकडे दोन्हीकडचा माल येतो. म्हणून नट आणि बोल्ट एकाच वेळी, एकाच मापाचे घ्या. नट प्लायमध्ये बसवण्याआधी प्रत्येकात बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवून पाहा. पाना लागला तर तो नट बाजूला. लांबीचंही तसंच. होल्डची जाडी अधिक प्लायचे 18 मिलिमीटर, आणि वर नटाचे सगळे आटे भरतील एवढी लांबी हवी. बोल्ट आखूड असेल तर दोन आट्यांवर सगळं वजन येतं. फार लांब असेल तर तो मागच्या लोखंडी अँगलला टेकतो, हाताला घट्ट लागतो आणि होल्ड मात्र सैलच राहतो. हा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे, कारण त्यात आपण खात्री म्हणून शेवटी आणखी अर्धा वेढा मारतो आणि समाधानानं खाली उतरतो.

टी-नट घेताना ठोकून बसवायचे दातेरी स्वस्त पडतात. आम्ही तेच घेतले. आता म्हणेन, जिथे शक्य असेल तिथे मागून स्क्रूनं बसणारे गोल चकतीचे घ्या. दातेरी नट एकदा प्लायमधून सुटला की बोल्टाबरोबर गोल फिरत राहतो आणि मग होल्ड ना आवळता येतो ना काढता येतो. आमच्या भिंतीच्या मागे जायला वाट ठेवली नव्हती. एका नटासाठी अख्खी शीट उतरवावी लागली.

पण बोल्ट ही पहिली चूक नव्हती. पहिली चूक मे 2016 मध्ये, नवी मुंबईत झाली. तिथे गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेनं बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा भरवली होती. भारतात ती पहिल्यांदाच होत होती, आणि आम्ही मावळातून जीप करून गेलो. जगातले पहिल्या फळीचे चढणारे दहा हातांवर पाहायला मिळाले. त्यांच्यापेक्षाही माझ्या मनात राहिली ती भिंत. टेबलाएवढे फुगीर आकार, ज्यांना धरायला कडाच नाही; त्यांच्यावर तळवा दाबून, अंग तोलून माणसं वर जात होती. परत येताना खंडाळ्याच्या घाटात माझं ठरलं होतं, आपल्या भिंतीलाही असंच काहीतरी हवं.

मग खरेदी झाली तशीच झाली. रंगीत छायाचित्रं पाहून तसेच फुगीर, बिनकडेचे मोठे आठ स्लोपर घेतले आणि त्यात निम्म्याच्या वर पैसे गेले. उरलेल्यात बारीक धारेचे क्रिम्प, कारण ते 'सीरियस' दिसतात. लहान मुलं येणार म्हणून एक हत्ती आणि एक आंबा. पकडायला खोल, हात भरून धरता येतील असे जग फक्त बारा. पायांसाठी वेगळं काहीच नाही. हातासाठी लावलेल्या होल्डवरच पाय येतील, असं मी गृहीत धरलं होतं.

पहिल्या आठवड्यात शेडमध्ये सर्वांत जास्त ऐकू आलेलं वाक्य म्हणजे, "दादा, पाय कुठं ठेवू?" सहावीतल्या पोरीची उंची साडेचार फूट. माझ्या उंचीला सोयीचं जे अंतर होतं, ते तिच्यासाठी उडी होती. ती हातांवर लोंबकळायची, दोन मिनिटांत दमायची आणि आपल्याला जमत नाही असं समजून कोपऱ्यात बसायची. आठही स्लोपर जुलैत शोभेचे होऊन बसले. स्लोपर चालतो तो घर्षणावर. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कामशेतला कमी असला तरी शेडमधली हवा पिळून काढावी अशी असते. चॉक हातावर घेतला की त्याचा लगदा होतो. विश्वचषकाच्या भिंतीचे होल्ड हे विश्वचषकाच्या हातांसाठी निवडलेले असतात, ही साधी गोष्ट मला पोरांच्या तळव्यांकडे पाहून कळली.

त्याच पावसाळ्यानंतर जांभिवलीहून ढाकच्या बहिरीच्या गुहेला गेलो. कोंडेश्वराचं देऊळ मागे टाकून खिंडीतून उतरलं की पुढे कातळात कोरलेल्या खोबण्या लागतात. आधी पन्नासदा तिथून गेलो असेन. या वेळी मुद्दाम हळू गेलो. खोबणीत चारही बोटं दुसऱ्या पेरापर्यंत जातात आणि आतली कड किंचित आपल्याकडे झुकलेली लागते. एक हात वर गेला की पाय नेमका तिथे येतो जिथे तो यायला हवा. ज्यानं कोणी त्या खोदल्या त्याला तिथून स्वतः जायचं होतं, घरच्यांना न्यायचं होतं, खांद्यावर ओझं असताना जायचं होतं. दिसायला त्या काहीच नाहीत. मळकट काळ्या भोकांची एक ओळ. (आता तिथे दोर बांधलेले असतात, त्यांच्या भरवशावर अननुभवी माणसानं जाऊ नये, अपघात होतात.) परत येऊन मी आमच्या भिंतीवरचे सगळे होल्ड उतरवले.

कृत्रिम भिंतींची सुरुवातही अशाच साधेपणानं झालेली आहे. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात 1964 च्या सुमाराला डॉन रॉबिन्सन या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकानं एका बोळाच्या विटांच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवले होते. रंग नाही, हत्ती नाही.

नवी भिंत उभारणाऱ्याला माझं सांगणं असं. पैसे आहेत तेवढ्यातले पहिले पायांच्या बारीक होल्डवर घाला. ते स्वस्त असतात, बरेचसे नुसत्या स्क्रूवर बसतात, नटाच्या भोकांची ओळ पाळावी लागत नाही, आणि उंच-बुटक्या सगळ्यांना एकाच मार्गावर चढता येतं. त्यानंतर जग. नवशिक्यांची भिंत असेल तर निम्म्याहून जास्त जगच असू द्या, आणि झुकलेल्या भागावर तर बाकी काही लावूच नका. अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरायचे पिंच थोडे घ्या, पण बाजूला मुलाचा पंजा ठेवून पाहा. मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या मापाचा पिंच लहान हाताला स्लोपर होतो. एक-दोन बोटांची भोकं असलेले पॉकेट मुलांच्या भिंतीवर नकोत. पाय सुटला आणि बोट आत अडकलं तर सगळं वजन त्या एका बोटावर येतं. अंगठ्या काढायला लावायचं कारणही तेच.

क्रिम्पबद्दल मी जरा कडक आहे. वाढत्या वयात बोटांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा कूर्चासारखा मऊ भाग असतो. बोटं मुडपून, वर अंगठा दाबून बारीक धारेवर सतत लोंबकळलं तर तिथे इजा होते, आणि पोरं सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं दुखतंय म्हणजे ताकद येतेय. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचं मधल्या पेराशी दुखत असेल तर चढणं बंद आणि डॉक्टर. तेलमालीश नाही.

होल्ड कशाचा आहे, हेही विचारा. पॉलिस्टर रेझिनचा स्वस्त, जड आणि ठिसूळ. पॉलियुरेथेनचा हलका, जरा लवचिक. पडला तरी सहसा टवका उडत नाही. आम्ही पैसे वाचवायला रेझिन आणि वाळू आणून घरी साचे भरले होते. त्यातले तीन आवळतानाच चिरले. चिरण्याचं कारण नुसतं रेझिन नव्हतं. होल्डची पाठ सपाट नव्हती, भिंतीवर तो डुगडुगत होता, आणि त्यात मी गोल डोक्याच्या बोल्टासाठी केलेल्या भोकात निमुळत्या डोक्याचा बोल्ट घातला. तो पाचरीसारखा आत घुसतो. जो होल्ड ज्या डोक्यासाठी बनवला आहे, त्यात तोच बोल्ट. युरोपात भिंतींसाठी ईएन 12572 हे मानक आहे आणि त्याचा तिसरा भाग खास होल्डसाठी आहे. विकणाऱ्याला त्याबद्दल विचारून बघा. उत्तरापेक्षा त्याचा चेहरा जास्त सांगतो. घरी बनवायचेच असतील तर लाकडाचे बनवा. कडा गोल घासल्या की कातडीला ते सगळ्यांत मायाळू, फक्त पावसाळ्यात बुरशी धरतात. पुसत राहायचं.

पंज्यापेक्षा मोठ्या प्रत्येक होल्डला बोल्टाशिवाय एक स्क्रू हवाच. बहुतेक होल्डला त्यासाठी बारीक भोक दिलेलं असतं. आम्ही ते कंपनीची खूण समजून सोडून दिलं होतं. स्क्रूनं होल्ड फिरत नाही, एवढंच त्याचं काम.

आता महिन्यातून एकदा सगळी भिंत तपासतो. मुठीनं होल्डवर ठोकायचं. घट्ट बसलेला भरीव वाजतो, सैल खुळखुळतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर सगळे उतरवून साबणाच्या पाण्यात घासायचे आणि बोल्टांना गंज चढलाय का ते पाहायचं. हे काम पोरंच करतात. पडलेली ती पोरगी आता आठवीत आहे आणि बोल्टांचा डबा तिच्या ताब्यात असतो. नवा बोल्ट आला की ती आधी नमुन्याच्या नटात बोटांनी फिरवून बघते आणि तीन सुताचा निघाला तर काही न बोलता माझ्या हातावर ठेवते.

गेल्या वेळी नवे जग मागवताना आम्ही एक केलं. पाच पोरांचे पंजे कागदावर ठेवून पेन्सिलीनं रेखले आणि मापासाठी विकणाऱ्याला पाठवले. त्याचा फोन आला, "साहेब, चार बरोबर आहेत. पाचवा कागद छोटा छापून आलाय बहुतेक, परत पाठवता का?"

तो छोटा छापून आला नव्हता. ती दुसरीत आहे, आणि मंगळवारी-शुक्रवारी मोठ्या बहिणीबरोबर येते.