उग्र वासाचा गांजा : आई-बापांनी काय ओळखावे, काय करावे



वस्तीतल्या आरोग्य बैठकीत दारूवर सगळे मोकळेपणाने बोलतात. गांज्याचे नाव निघाले की आवाज खाली येतो. पोरांचे बोलणे मात्र ठरलेले असते : "ताई, ही काय दारू आहे का? झाडपालाच तर आहे." दुसरे वाक्य असते, "आता वासाचा माल येतो, तो भारी." या दोन्ही वाक्यांची आज तपासणी करू.

हा उग्र वासाचा गांजा कोणता?

परदेशात एका जातीला 'स्कंक' म्हणतात. स्कंक हा अमेरिकेतला एक प्राणी आहे. घाबरला की तो घाण वासाचा फवारा सोडतो. त्यावरून हे नाव पडले. अफगाणिस्तानच्या डोंगराळ भागातले बुटके, काटक, लवकर फुलणारे झाड आणि मेक्सिको-कोलंबियाकडची झाडे यांच्या संकरातून ही जात तयार झाली. थंडी पडायच्या आत फुलोरा येत असल्याने थंड देशातही ती उघड्यावर तग धरते. युरोपातही तिचा प्रसार झाला. आता उग्र वासाच्या कोणत्याही कडक मालाला हेच नाव लावून विकतात.

वासावरून ताकद कळते का?

नाही. वास फुलोऱ्यातल्या सुगंधी तेलांचा आणि गंधकयुक्त द्रव्यांचा असतो. लसणाचा उग्र वासही गंधकाच्या द्रव्यांमुळेच येतो. नशा आणणारे द्रव्य वेगळे आहे. त्याला टीएचसी म्हणतात आणि त्याला वास नसतो. म्हणून वास कमी आहे तर माल हलका, असे समजून ओढणारा फसतो. पुडीत टीएचसी किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

"आजोबाही ओढत होते"

आपल्या जिल्ह्याला गांजा नवा नाही. इंग्रजांच्या काळात अहमदनगर जिल्ह्यात सरकारी परवान्याने गांज्याची शेती होत होती. १८९३-९४ साली सरकारने गांजा-भांग-चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. माफक सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही, असे मत त्या आयोगाने दिले. आजही लोक त्याचा दाखला देतात. पण टीएचसी शोधून वेगळे काढले गेले १९६४ साली. त्याआधी गांज्याची ताकद मोजायची सोयच नव्हती. अमेरिकेत पकडलेल्या मालाची तपासणी झाली, तेव्हा टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के आणि २०१४ मध्ये सुमारे १२ टक्के निघाले. म्हणजे वीस वर्षांत तिप्पट. आजोबांच्या चिलमीचा दाखला नातवाच्या पुडीला लावता येत नाही.

डोक्यावर काय परिणाम होतो?

दक्षिण लंडनमधला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज स्कंक ओढणाऱ्यांत गंभीर मनोविकाराचे (सायकोसिस) प्रमाण, कधीच गांजा न ओढणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे पाच पट आढळले. ओढणाऱ्या प्रत्येकाला वेड लागते असा याचा अर्थ नाही. पण कोवळ्या वयात सुरुवात केलेल्यांना आणि घरात कुणाला मानसिक आजार असलेल्यांना धोका जास्त असतो.

ही लक्षणे पाहा :
- कानात आवाज येतात, एकटाच बोलतो किंवा हसतो.
- "माझ्यावर पाळत आहे", "जेवणात काही घातलंय" असा संशय घेतो.
- रात्र-रात्र झोपत नाही, अंघोळ, कामधंदा, शाळा सोडतो.

अशा वेळी शेजारी सांगतात, "बाहेरची बाधा आहे, देवऋषाकडे न्या." बाबासाहेबांनी आपल्याला या अंधारातून बाहेर काढले, पुन्हा तिकडे जाऊ नका. हा मेंदूचा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. अंगारा-धुपाऱ्यात गेलेला प्रत्येक महिना उपचार अवघड करतो. कर्जतच्या सरकारी रुग्णालयात दाखवा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील असे वाटले तर लगेच १०८ लावा.

कायदा

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांज्याचा फुलोरा जवळ बाळगणे गुन्हा आहे. एक किलोपेक्षा कमी मालासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोपेक्षा जास्त मालासाठी किमान दहा वर्षे कैद. उसात किंवा तुरीत लपवून झाड लावले तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. "ही पिशवी तेवढी पोचव, पाचशे देतो" म्हणणारा पकडला जात नाही, पिशवी धरणारे पोरगे पकडले जाते. पोरांना हे घरात बसवून सांगा.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. व्यसनी माणसावर नशा केल्याचा किंवा थोडा माल बाळगल्याचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर कलम ६४-अ नुसार त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकते. अनुसूचित जातीच्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० वर विचारा.

घरात काय करावे?

कपड्यांना वास आला म्हणून मारू नका. वास शेजारी बसलेल्याच्या धुराचाही असतो. तो शुद्धीवर असताना, चारचौघांत न बोलता विचारा. सोडल्यावर आठवडा-दोन आठवडे चिडचिड, झोप न येणे, भूक मंदावणे असा त्रास होतो आणि मग ओसरतो. त्या दिवसांत त्याला एकटे सोडू नका. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र चालते.

राहिला "ही काय दारू आहे का?" हा प्रश्न. पाचवे शील दारूवर थांबत नाही. माणसाला बेसावध करणाऱ्या प्रत्येक नशेपासून दूर राहायला ते सांगते. विहारात रविवारी वंदना झाली की दहा मिनिटे या विषयाला द्या. वरचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून विहाराच्या भिंतीवर लावा. ज्या आईला कुणाला विचारायची लाज वाटते, ती तिथून वाचून घेईल.