सार्वजनिक बाग : इतिहासाचा एक पाठ



इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, अशी समजूत मुलांच्या मनात लवकर घर करते. ती दूर करावयाची तर लोकांच्या नित्य वापरातील एखादे स्थळ पाठासाठी निवडावे. मुंबईच्या कोट विभागातील हॉर्निमन सर्कल उद्यान हे याचे उत्तम उदाहरण होय.

या जागी पूर्वी मोकळे मैदान होते. इंग्रज त्यास ‘बॉम्बे ग्रीन’ म्हणत. परदेशी जाणाऱ्या कापसाच्या गाठी तेथे रचल्या जात. मैदानाच्या पूर्वेस १८३३ मध्ये टाउन हॉलची भव्य इमारत पुरी झाली. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्यास हलविण्यात आला. मग मैदानाची रया गेली व तेथे केरकचरा साचू लागला.

पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांनी सुचविले की, येथे वर्तुळाकार इमारती उभाराव्यात व मध्यभागी बाग करावी. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन व त्यांच्यामागून आलेले सर बार्टल फ्रिअर यांनी ही योजना उचलून धरली. सभोवतालचे भूखंड व्यापारी पेढ्यांना विकण्यात आले. १८७२ मध्ये बाग सिद्ध झाली व त्या परिसरास ‘एल्फिन्स्टन सर्कल’ हे नाव मिळाले.

स्वातंत्र्यानंतर हे नाव बदलले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन हे स्वतः इंग्रज. परंतु त्यांनी सरकारच्या दडपशाहीवर निर्भीडपणे लिहिले. १९१९ मध्ये सरकारने त्यांना हद्दपार केले. १९२६ मध्ये ते भारतात परतले. गव्हर्नराच्या नावाच्या जागी या संपादकाचे नाव आले, यातील अर्थ मुलांकडूनच काढून घ्यावा.

पाठातील मुख्य बोध असा : तीच जागा निगेअभावी उकिरडा झाली आणि निगेमुळे बाग झाली. सार्वजनिक जागा आपोआप टिकत नाही. जी सर्वांची, ती कोणाचीच नाही, असे मानले की तिचा ऱ्हास सुरू होतो.

स्वाध्याय : आपल्या गावातील बाग, पार वा बाजाराचे पटांगण निवडावे. (१) पूर्वी तेथे काय होते, हे मुलांनी वडीलधाऱ्यांस विचारून लिहावे. (२) जागेचा साधा नकाशा काढावा. (३) आज तेथे कशाची दुरुस्ती हवी, ते पाहून ग्रामपंचायतीस वा नगरपालिकेस वर्गातर्फे विनंतीपत्र धाडावे. उत्तर आल्यास ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवावे. न आल्यास पुन्हा पत्र लिहावे. नागरिकशास्त्राचा पाठ तेथूनच सुरू होतो.