रोल संपवायला काढलेले फोटो

जयसिंगपूर,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. सोनू,

दिवाळीत येशील तेव्हा माळ्यावरची फोटोंची पेटी पुण्याला नेणार, चांगले फोटो स्कॅन करणार आणि बाकीचे काढून टाकणार, असं तू कळवलंस. स्कॅन करायचं मनावर घेतलंस याचा मला फार आनंद झाला. पण चांगले आणि बाकीचे ही वाटणी करण्याआधी माझं थोडं ऐक. फोनवर सांगायला बसले असते तर निम्मं राहून गेलं असतं.

तुझ्या आजोबांचा कॅमेरा होता आगफा क्लिक थ्री. एका रोलमध्ये 12 फोटो. रोल विकत घ्यायचा, स्टुडिओत धुवायला टाकायचा, मग कॉप्या काढायच्या, सगळ्याला पैसे लागत. त्यामुळं कॅमेरा कपाटातून निघायचा तो बारशाला, लग्नाला, नाहीतर नरसोबाच्या वाडीला अभिषेकाला जाताना. कार्य आटोपलं तरी रोलवर दोन-तीन फोटो शिल्लक राहायचे, आणि अर्धा रोल धुवायला टाकणं कुणाला परवडत नसे. मग एखाद्या रविवारी आजोबा म्हणायचे, "चला, रोल संपवून टाकू." त्या दिवशी समोर जे दिसेल त्याचा फोटो.

तू ज्यांना बाकीचे म्हणशील ते बहुतेक हेच. आडत दुकानाच्या पायरीवर पोत्यांना टेकून बसलेले चार हमाल. परसात शेंगा फोडणारी आजी, कॅमेऱ्याकडं न बघणारी. दोरीवर वाळत घातलेली धोतरं. शाळेतून आल्या आल्या दप्तरासकट उभी असलेली मी, कपाळाला आठ्या. काही फोटो हललेत, काहींत डोकी कापली गेलीत. मला विचारशील तर पेटीतला खरा ऐवज हाच आहे.

कार्याचे फोटो कोणत्याही घरातले बघ. नवरा-नवरी मध्ये, मोठी माणसं खुर्च्यांवर, पोरं पुढं मांडी घालून, सगळ्यांनी श्वास रोखलेला. शेजारच्यांचा अल्बम चुकून आपल्याकडं आला तर चार पानं उलटेपर्यंत लक्षात यायचं नाही. आपलं घर कसं चालत होतं, आजी शेंगा फोडायला कुठं बसायची, आजोबांची गादी दुकानात कोणत्या बाजूला होती, हे त्या उरलेल्या फोटोंतच सापडतं. ते काढताना कुणी काही दाखवायला उभं नव्हतं.

देवघराशेजारचा, हार घातलेला पणजीचा फोटो तू लहानपणापासून बघतेस. तिचा एकटीचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. ती गेल्यावर पंगतीच्या एका फोटोतून तिचा चेहरा उचलून स्टुडिओवाल्यानं मोठा करून दिला आणि मागची माणसं पुसून करडा रंग भरला. त्या फोटोत तिचं तोंड किंचित उघडं आहे, कपाळावर आठी आहे. भिंतीवर बघणाऱ्याला ती दुःखी वाटते. मूळ फोटो पेटीत शोध. त्यात पदर खोचलेला, हातात आमटीची बादली, आणि समोरच्याला ती "अजून घे की" म्हणून दटावतेय. चेहरा तोच, पण बादली कापली गेली आणि घरभर हसत फिरणारी बाई आपल्या भिंतीवर कायमची उदास होऊन बसली. म्हणून सांगते, स्कॅन करताना कडा कापू नकोस. फोटोत नको असलेलं वाटतं ते बहुधा कडेलाच असतं, आणि पन्नास वर्षांनी माणसं तेच शोधतात.

आपल्या गल्लीचाही असाच एक फोटो आहे. शाहू महाराजांनी आपले वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं ही पेठ वसवली तेव्हा सरळ, रुंद गल्ल्या आखून घेतल्या. म्हणून तर आपण पत्ता सांगताना आळीचं नाव सांगत नाही, गल्लीचा नंबर सांगतो. त्या रुंदीत माणसं कशी राहत होती हे आता दोन्ही बाजूंनी गाड्या लागलेल्या बघून तुला पटणार नाही. फोटोत गल्लीच्या मधोमध बाजेवर सांडगे वाळत घातलेत, राखणीला एक म्हातारी छत्री उघडून बसलीय, आणि पलीकडं उसाची बैलगाडी थांबलीय. फोटो कशाचा म्हणून विचारलंस तर सांगता येणार नाही. पण आपल्या गावाचा इतका चांगला फोटो मी दुसरा पाहिलेला नाही.

साल लिहिलेलं नसेल तर कडेच्या वस्तूच साल सांगतात. दुकानाच्या पाटीवर 416101 हा पिनकोड दिसला तर फोटो 1972 नंतरचा, कारण पिनकोड सुरूच त्या वर्षी ऑगस्टात झाला. गाडीवर एमएच-09 अशी पाटी असेल तर 1989 च्या आधीचा असणं शक्य नाही. रंगीत फोटो तांबूस पडलेला दिसला म्हणून टाकू नकोस. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कागदावर निळसर रंगाचा थर आधी उडतो आणि लाल मागं उरतो. स्कॅन केल्यावर बराचसा सुधारता येतो. काळे-पांढरे फोटो चांदीच्या कणांचे, ते त्या मानानं टिकाऊ.

पण वर्षापेक्षाही एक गोष्ट आधी लिहायची. काळ्या-पांढऱ्या फोटोतल्या साड्या कोणत्या रंगाच्या होत्या, हे आता एकट्या आजीला माहीत आहे. माझ्या बारशाच्या फोटोतली तिची साडी मी कायम पांढुरकी समजत आले. परवा ती सहज म्हणाली, "ते इरकल होतं, आंब्याच्या पानासारखं हिरवं, काठ लाल." फोटो तोच, पण त्या एका वाक्यानंतर मला तो वेगळाच दिसायला लागला. हे रंग आजीबरोबर जाणार. मऊ शिशाची पेन्सिल घेऊन फोटोच्या मागं लिही, नावाबरोबर रंगही लिही. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढं उमटतो आणि शाई पसरते.

आजीला घेऊन बसशील तेव्हा "हा कोण, ही कोण" असा मारा करू नकोस. परीक्षा घेतल्यासारखं होतं, आणि "आठवत नाही गं" म्हणून ती फोटो बाजूला ठेवते. वस्तूबद्दल विचार. हा तांब्या कुठं गेला, हे दार कधी बदललं, एवढं विचारून गप्प बस. तांब्यावरून ती आपोआप माणसांवर येते, माणसांवरून भांडणांवर, आणि मग तुला हवं ते सगळं मिळतं. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेव, पण तिला आधी सांगून. एखादं नाव चुकतंय असं वाटलं तर मध्येच दुरुस्त करू नकोस, दोन्ही नावं टिपून ठेव. सकाळी चहानंतर ती ताजी असते, दुपारनंतर थकते.

मूळ फोटो टाकायचे नाहीत, हे मी इतकं निक्षून का सांगते त्याचं कारण कुरुंदवाडच्या आत्याच्या घरी घडलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी शिरोळ तालुक्यात पसरलं तेव्हा ती सगळी माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी आपल्याकडं आली. पाणी ओसरल्यावर मी तिच्याबरोबर गेले. धान्य, गाद्या, टीव्ही, सगळं चिखलात. आत्या त्यातल्या कशासाठीही रडली नाही. अल्बम उघडला आणि पानं एकमेकांना चिकटलेली बघितली तेव्हा मात्र ती खाली बसली. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. पाण्यात तो फुगतो, चिकट होतो, आणि वाळताना ज्याला टेकलेला असेल त्याला धरून बसतो. शेजारच्या घरी घाईनं फ्रेमची काच ओढली, तर चेहरा काचेवर गेला आणि पाठीमागं पांढरा कागद उरला. असा फोटो ओढायचा नाही. काचेसकट त्याची कॉपी काढून घ्यायची. बाकीचे ओले फोटो वाळण्याआधीच स्वच्छ गार पाण्यात हलकेच धुवायचे, चित्राला बोट न लावता, आणि एकेक सुटा करून सावलीत चित्र वर ठेवून वाळवायचे. आत्याचे असे पुष्कळ वाचले.

जपानमध्ये 2011 च्या त्सुनामीनंतर यामामोतो नावाच्या गावात स्वयंसेवकांनी चिखलातून सुमारे साडेसात लाख फोटो गोळा केले. धुतले, वाळवले, त्यांच्या डिजिटल प्रती केल्या आणि माणसांनी येऊन आपले ओळखावेत म्हणून मांडून ठेवले. घरंदारं वाहून गेलेली माणसं तिथं येऊन तासन्‌तास फोटो शोधत होती. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा तिला जराही नवल वाटलं नाही.

तेव्हा स्कॅन कर, छोट्या फोटोंना 600 डीपीआय ठेव, मागची बाजूही स्कॅन कर, आणि प्रती दोन वेगवेगळ्या गावी राहू देत. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो नखानं उचकटू नकोस. निघत नसतील तर पान आहे तसंच स्कॅन कर. आणि हे फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवून सगळ्यांकडं पोचले असं समजू नकोस, त्यात ते आक्रसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठव. मूळ फोटो मात्र पेटीतच परत यायला हवेत.

तुझ्या स्वतःच्या फोनचंही बोलते. त्यात रोल संपत नाही, त्यामुळं संपवायला म्हणून काढलेला फोटोही तुझ्याकडं नाही. सहलीचे आहेत, वाढदिवसांचे आहेत. तू राहतेस त्या खोलीचा, तिघी मैत्रिणींच्या एकाच ओट्याचा, कामावरून आल्यावर चप्पल काढतेस त्या कोपऱ्याचा एखादा आहे का? कधीतरी आवराआवर न करता काढून ठेव. आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हातीही दे. आजोबांनी आयुष्यभर फोटो काढले, म्हणून ते स्वतः जवळजवळ कशातच नाहीत. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढायची त्यांची रीत होती. काही फोटोंत खाली जमिनीवर त्यांची सावली पडलेली आहे, टोपीसकट. ते फोटो वेगळ्या पाकिटात ठेव, मला हवेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकानाच्या पायरीवरच्या त्या चार हमालांपैकी एकाचंच नाव मला सांगता येतं. आजीला चौघांची येतात. कोण कुठल्या गावचा, कुणाच्या मुलीच्या लग्नाला आजोबा गेले होते, तेही येतं. आपण नातेवाइकांची नावं पिढ्यान्‌पिढ्या घोकतो आणि ज्यांच्या पाठीवर घर उभं राहिलं त्यांची आधी विसरतो, हे मला फार लागतं. त्यांच्यापैकी एकाचा नातू इथंच, चार गल्ल्या सोडून राहतो. बोलता बोलता त्यानं मला सांगितलं, त्यांच्या घरात आजोबांचा एकही फोटो नाही. आपल्याकडं आहे, आणि तो तुझ्या 'बाकीच्यां'त पडला असता.

पेटीतून पहिला तोच फोटो काढ. चांगल्या कागदावर पोस्टकार्ड साईजच्या चार प्रती करून आण, एकेका कुटुंबासाठी एक. बाकीच्या तिघांच्या घरचं कोण कुठं आहे याची चौकशी मी आत्तापासून सुरू करते. भाऊबीज झाली की आपण दोघी जाऊन देऊ.

तुझी,
आत्या