कंत्राटदार की कामगार?

एखादा मनुष्य दुसऱ्यासाठी काम करतो तेव्हा तो त्याचा नोकर असतो की स्वतंत्र व्यावसायिक, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शब्दांचा वाटतो. परंतु भरपगारी रजा, भविष्य निर्वाह निधी, अपघाताची भरपाई आणि अकारण काढून टाकले जाण्यापासून संरक्षण, हे सारे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. करआकारणीतही हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो.

कायदा येथे दोन प्रकारचे करार मानतो. पहिला सेवेचा करार होय. यात मनुष्य आपले श्रम दुसऱ्याच्या नियंत्रणाखाली देतो. दुसऱ्या प्रकारात तो ठरलेले काम पुरे करून देण्याची हमी घेतो. ते कसे करावयाचे, कोणाकडून करून घ्यावयाचे, हे तो स्वतः ठरवतो आणि नफ्यातोट्याची जोखीमही त्याचीच असते. अशा मनुष्याला स्वतंत्र कंत्राटदार म्हणतात. कामगार कायद्यांचा लाभ सामान्यतः पहिल्यालाच मिळतो. यास्तव कामगाराला कागदोपत्री कंत्राटदार ठरविण्याचा मोह मालकांना फार पूर्वीपासून पडत आला आहे.

याचे बोधप्रद उदाहरण तत्कालीन मद्रास राज्यातील विडी उद्योगात सापडते. सेलमच्या विडी कामगारांच्या संघटनेने उपस्थित केलेला तंटा औद्योगिक न्यायाधिकरणापुढे आला. तेव्हा, हे कामगार आमचे नसून कंत्राटदारांचे आहेत, असा पवित्रा विडी कारखानदारांनी घेतला. व्यवहाराची रीत अशी होती. कारखानदार मध्यस्थाला पाने व तंबाखू देत आणि त्यांची किंमतही स्वतःच ठरवीत. कामगार पाने घरी नेऊन कापीत. विड्या मात्र मध्यस्थाच्या जागेत वळल्या जात. दुसऱ्या दिवशी तयार विड्या कारखानदाराकडे पोहोचत. तो मालाची ठरलेली किंमत वजा करून उरलेली रक्कम मध्यस्थाला देई. मध्यस्थ त्यातून कामगारांची मजुरी चुकती करी आणि शिल्लक राहील ते त्याचे कमिशन. हजेरीपट नव्हता, कामाच्या वेळाही बांधलेल्या नव्हत्या.

न्यायाधिकरणाने कराराच्या कागदामागील वस्तुस्थिती तपासली. हे तथाकथित कंत्राटदार स्वतःच निर्धन होते आणि सर्व बाबतींत कारखानदारांच्या तंत्राने चालत होते. करार एकतर्फी होता आणि त्यातील कलमे पुष्कळदा अमलातही येत नसत. मालाची विक्री केवळ नावापुरती होती. सबब कारखानदार हेच खरे मालक होत, असा निष्कर्ष निघाला. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी तो फिरविला, खंडपीठाने पुन्हा उचलून धरला आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

तथापि सर्वच विडी कामगारांना असे यश मिळाले नाही. महाराष्ट्रातील दोन खटले शेजारी शेजारी ठेवले असता ही गोष्ट स्पष्ट होते. पहिला १९६० मध्ये आणि दुसरा १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला आणि दोहोंत प्रश्न रजेच्या वेतनाचा होता. नागपूरच्या कारखान्यात कामगार कारखान्याच्या वेळेत हवे तेव्हा येत-जात. मात्र हजेरी लागे आणि दुपार उलटल्यावर येणाऱ्याला काम मिळत नसे. तेथील कामगार कायद्याने कामगार ठरले. सिन्नरच्या कारखान्यात वेळेचे बंधन किंवा कामाच्या पद्धतीवर देखरेख दिसली नाही, म्हणून तेथील कामगाराचा दावा बहुमताने अमान्य झाला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदविले. एवढ्या लहान फरकावर एखाद्याची रजा अवलंबून राहावी, ही स्थिती समाधानकारक नव्हती. १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही संरक्षण दिले. पुढे १९७३ मध्ये शिंप्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियंत्रण ही एकमेव कसोटी नव्हे, असे स्पष्ट केले. यंत्रे दुकानाची आणि वाईट शिवलेले कपडे नाकारण्याचा अधिकारही दुकानदाराचा. मग शिंपी नगावर मजुरी घेत असले आणि कधी काम घरी नेत असले तरी ते नोकरच ठरले.

कर खाते हाच संबंध वेगळ्या हेतूने पाहते. मिळकत वेतन आहे की व्यवसायाचे उत्पन्न, एवढेच त्याला ठरवावयाचे असते. व्यावसायिकाला इंधन, दुरुस्ती, भाडे असा प्रत्यक्ष खर्च वजा करता येतो. वेतनदाराला ती मुभा नसते. १९५४ मध्ये हैदराबादच्या एका गिरणीच्या व्यवस्थापक अभिकर्त्यांचे कमिशन सर्वोच्च न्यायालयाने व्यवसायाचे उत्पन्न मानले; उलट १९६० मध्ये एका बँकेच्या खजिनदाराचे उत्पन्न वेतन ठरविले. परंतु एखाद्याचा कर कंत्राटदार म्हणून कापला गेला, एवढ्यावरून त्याचे कामगार म्हणून असलेले हक्क संपत नाहीत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उबरच्या चालकांना किमान वेतन व भरपगारी रजेचा हक्क मान्य केला, तरी तेथील करकायद्याच्या दृष्टीने ते स्वयंरोजगारीच राहू शकतात.

आज हा जुना प्रश्न चेन्नईच्या रस्त्यांवर दुचाकीवरून जेवण व सामान पोहोचविणाऱ्यांच्या रूपाने पुन्हा अवतरला आहे. वाहन त्यांचे, इंधन त्यांचे. परंतु दर कंपनी ठरवते आणि काम वाटून देणारी यंत्रणाही तिचीच. तमिळनाडू सरकारने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कल्याण मंडळ स्थापन केले. केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यानुसार अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरावयाची आहे. मात्र ती या कामगारांना दिलेल्या व देय रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक असू नये.

ही तरतूद उपयुक्त आहे. परंतु तिची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. संहितेने या कामगारांची व्याख्याच मालक-नोकर संबंधाबाहेरचे म्हणून केली आहे. विमा, आरोग्य व वार्धक्य यांच्या योजना त्यांच्यासाठी होऊ शकतात. किमान वेतन आणि भरपगारी रजा यांचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही. तो मागावयाचा झाल्यास पुन्हा जुन्याच प्रश्नांकडे वळावे लागेल: दर कोण ठरवतो, काम नाकारल्यास काय होते, नफातोटा कोणाच्या पदरी पडतो? सेलमच्या विडी कामगारांना यश मिळाले, कारण हे प्रश्न कागदाला न विचारता प्रत्यक्ष व्यवहाराला विचारले गेले. म्हणून कंत्राटदार म्हणविल्या गेलेल्या मनुष्याने कराराच्या प्रतीबरोबरच मजुरीच्या पावत्या, कामाच्या नोंदी आणि मिळालेले आदेशही जपून ठेवणे हिताचे ठरते.